तिसाव्या मण्यापाशी

मिरजेत पहाटे तीनला
रस्त्यावर मेडिकलची दुकानं जागी असतात
आणि तळमजल्यावर मी.

प्लेट उजेडाकडे धरते.
एका ओळीत बारा घरं,
प्रत्येक घरात औषध आधीच्या दुप्पट.
पाव, अर्धा, एक, दोन,
इथवर गढूळ असलं तर चालवून घेतो आम्ही.
चारच्या घरात तळाशी पांढरं बटण.
आठच्या घरात.
सोळाच्या घरात.
चष्मा पुसला. बटण गेलं नाही.

लेबल: आयसीयू, बेड नऊ,
हौसाबाई कोळेकर, ढालगाव, वय एकसष्ट.
नमुना रक्ताचा.

कोलिस्टिन तसं म्हातारं औषध.
मूत्रपिंडाला झळ लागते म्हणून
कधीचंच माळ्यावर टाकलेलं.
मग खालची सगळी भांडी एकेक करून गळायला लागली,
तेव्हा शिडी लावून उतरवलं.
आता माळा रिकामा आहे,
शिडी अजून तिथंच टेकलेली.

त्याची रीत साधी:
ते धन, जंतूची भिंत ऋण.
धनाला ऋणाची ओढ, शाळेतलंच.
चिकटायचं, भिंत उसवायची,
आतला ऐवज सांडून द्यायचा.
ह्या जंतूनं ऋणच फेडून टाकलंय.
भिंतीला नवा गिलावा, कुणाचं काही देणं नाही.
धन दारात येतं, हात ठेवायला जागा नाही,
मागं वळतं, मूत्रपिंडांकडे.
कीर्तनात सांगतात ती विरक्ती
मला बघायला मिळाली ती अशी,
प्लास्टिकच्या प्लेटमध्ये.

सकाळी खिडकीशी तिचा मुलगा, बिरुदेव.
कोंबडीखाद्याच्या गाडीवर ड्रायव्हर.
चिठ्ठीवरचं औषधाचं नाव
भले भले अडखळतात, त्यानं सरळ वाचलं.
"हे म्हाईत हाय की, म्याडम.
पिल्लांच्या पाण्यात टाकायचो आमी, बंदी यायच्या आदी.
पाकिटावर कोंबडा असायचा."
मी काही बोलले नाही.
ते त्या पाण्यातून आलं,
का आमच्याच वॉर्डातल्या नळीवरून,
का तिच्याच रक्तात एका रात्रीत घडलं,
मला सांगता येत नाही.

पुण्याहून जनुकांचा अहवाल आला
तो अठराव्या दिवशी.
नऊ नंबरवर तोवर कवलापूरचा एक पोरगा होता.

एक बारकं जनुक.
सत्तेचाळीस मण्यांची माळ ओवतं,
ती माळ म्हणजे जंतूचा लगाम.
चारच अक्षरांची त्यांची बाराखडी.
'सी'च्या जागी 'टी' पडला
आणि तिसाव्या मण्यापाशी दोरा संपला.
'ध'चा 'मा' म्हणावंसं वाटतं,
पण तिथं निदान कट होता,
कुणाचं तरी बोट शाईनं माखलं होतं.
इथं नुसती नक्कल उतरवताना झालेली चूक,
कोट्यवधींतल्या एकाची,
एरवी पुसूनही गेली असती.
ती पुसली जाऊ नये एवढं मात्र
आम्ही बघितलं, दर आठ तासांनी,
सलाइनमधून.

ती प्लेट मी त्याच सकाळी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली होती:
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
तिथं कुठलंच अक्षर टिकत नाही.
माणसाला तसं उकळता येत नाही,
एवढीच अडचण.

बिरुदेव परत आला,
योजनेच्या फाइलला सही-शिक्क्याची प्रत हवी म्हणून.
"येक अक्षर चुकलं म्हणत्यात डॉक्टर. कुठलं ओ?"
पाकिटाच्या पाठीवर दोन्ही लिहून दाखवली.
बराच वेळ बघत राहिला.
मग खिशातून आईचं आधार कार्ड काढलं,
कोपरा दातानं चावल्यासारखा झालेलं.
"हितं बी बगा. कोळेकरचं कोलेकर केलंय.
तेवढ्यापायी फाइल अडलीया."
कार्ड पुन्हा रुमालात गुंडाळलं.
"दुरुस्त हुतंय म्हणत्यात.
सांगलीत. मंगळवारी."